सिलेखान्याची कमान

आमच्या क्लबात कुणी नुसता शिंकला तरी त्याचा किस्सा होतो. आज घडलेलं उद्या माझा दोस्त किट्टू सांगतो, परवा त्यात देशपांडेसाहेब भर घालतात, आणि आठवड्यानं मलाच कळत नाही की मी तिथं होतो की नव्हतो. म्हणून माझ्या डोळ्यांदेखत झालं तेवढंच सांगतो. बाकीचं किट्टूकडून ऐका, ते जास्त रंगतं.

क्लब धनुष्यबाणाचा. इथं मद्रासमध्ये ट्रिप्लिकेनला आम्हा तंजावूरकडच्या मराठी लोकांचा एक जुना हॉल आहे, लग्नामुंजीचा. त्याच्या मागच्या मैदानात आम्ही संध्याकाळी बांबूची धनुष्यं घेऊन गवताच्या टार्गेटवर बाण मारतो. आणि हॉलच्या मागच्या खोलीत खरी शस्त्रं आहेत. तलवारी, पट्टे, कट्यारी, ढाली, एक चिलखत आणि शिंगाची एक कमान, म्हणजे जुनं धनुष्य.

हे सगळं राव मामांच्या घरातलं. मामा म्हणजे क्लबातले सगळ्यात म्हातारे, आम्हाला शिकवणारे. त्यांच्या पणजोबांकडं तंजावूरच्या राजवाड्याचा सिलेखाना होता, म्हणजे शस्त्रांची कोठी. राज्य गेलं, सामान विकायला निघालं, तेव्हा पणजोबांनी बायकोचे दागिने देऊन जमेल तेवढं घरी आणलं. मामांनी ते हॉलला दिलं, कारण त्यांच्या दोन खोल्यांत एक तर शस्त्रं राहिली असती, नाहीतर मामी.

पण हॉल समुद्राजवळ. खारा वारा, वर गळकं छत. ट्रस्टी म्हणाले, "लोखंडाचा भुगा होतोय, राव. पोंगलपर्यंत छत नीट करा, काचेची कपाटं करा. नाही जमलं तर घेणारा आहे, त्याला देऊन टाकू."

घेणारा होताच. त्याला फक्त सोन्याचं काम असलेल्या मुठी पाहिजे होत्या. पाती तो भंगारात घालणार होता.

मामा तिथून उठले. मैदानात आले, बूट काढले, आणि आम्हाला म्हणाले, "चला, उभे राहा." त्या दिवशी त्यांनी आमची एकही चूक काढली नाही. तेव्हा किट्टू माझ्या कानात म्हणाला, "डेय, काहीतरी करायला पाहिजे. मामा शिव्या देत नाहीत."

त्यातूनच तिकीट लावून धनुर्विद्येचा कार्यक्रम करायचं ठरलं.

* * *

आधी गंजाचं ऐका.

देशपांडेसाहेब आमचे सेक्रेटरी. पुण्याहून बदली होऊन आलेले, रेल्वेच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर. त्यांचं मराठी इस्त्री केलेलं. आमचं ऐकून ते अजून अधूनमधून डोळे मिटतात. कार्यक्रमाच्या तयारीला त्यांनी एकेक तलवार उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "राव, हे विचित्र आहे. प्रत्येक पात्यावर गंजाचा गोल खड्डा आहे. आणि सगळ्यांच्या एकाच जागी. मुठीखाली चार बोटं."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. खरंच.

मामांनी एका खड्ड्यावर आपलं मधलं बोट ठेवलं. बरोबर बसलं. मग ते हळूच म्हणाले, "हा माझ्या आजीचा हात आहे. नंतर आईचा."

आयुधपूजेला आमच्याकडं चंदन उगाळून, त्यात गुलाबपाणी घालून, वर कुंकू लावून प्रत्येक शस्त्राला ठिपका देतात. सायकलीला देतात, शिवणयंत्राला देतात, तसाच तलवारीला. ओला ठिपका, वर्षानुवर्षं, त्याच जागी. शत्रूनं केलं नाही ते आम्ही भक्तीनं केलं होतं.

देशपांडेसाहेब म्हणाले, "पूजा बंद करावी लागेल."

मदतीला आलेल्या बायकांनी अशा नजरेनं बघितलं की साहेब दोन पावलं मागं सरकले. पूजा बंद म्हणजे काय? शेवटी मामांनीच निकाल दिला, "पूजा करा. ठिपका भिंतीला लावा."

आता त्या खोलीत जा. प्रत्येक शस्त्राच्या वर, भिंतीवर, एकेक चंदनाचा ठिपका आहे. शस्त्रं कोरडी आणि भिंत पुजलेली.

* * *

चिलखताचा किस्सा माझा आहे, लपवून काय उपयोग.

किट्टू म्हणाला, तुला ते अंगात चढणार नाही. मी म्हटलं, चढणार. चढलं. मग उतरेना. लोखंडाच्या कड्या केसांत अडकल्या, दोन्ही हात वर, डोकं आत, आणि मी खोलीच्या मध्ये उभा. किट्टू पळाला तो थेट माझ्या अम्माला घेऊन आला. अम्मा किंचाळायला लागली, तेवढ्यात मामा आले.

"हलू नकोस, वेंकू," मामा म्हणाले.

मला वाटलं, माझी काळजी. बरं वाटलं.

"घाम गाळू नकोस. घामानं गंज चढतो."

अम्मा म्हणाली, "मामा, आधी पोराला काढा, गुदमरेल तो."

मामा एकेक कडी केसांतून सोडवत, शांतपणे म्हणाले, "राधाबाई, पोर दुसरं होईल. चिलखत कोण करणार?"

अम्मानं विचार केला आणि कात्री घेऊन आली. केस माझे कापले. कडी एकही तुटली नाही.

* * *

त्याच अम्मानं पुढं जे केलं ते मी हसून सांगायला बघतो, पण जमत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी खोली लोकांना दाखवायची होती. म्हणून काही दिवस आधी एका दुपारी अम्मा आणि आणखी दोघीतिघी चिंच आणि राख घेऊन आल्या. सणाच्या आधी पितळी समया घासतात तशा. ढालींची पितळी फुलं झळकली. मग अम्मानं एक तलवार घेतली. तिच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी होती. मामा त्याला जौहर म्हणायचे, आणि कुणी पाहुणा आला की पहिली तीच दाखवायचे. तो डाग आहे असं अम्माला वाटलं.

मामा आले तेव्हा तलवार पांढरीफेक झाली होती. लाटा गेल्या होत्या.

"झाली ना मामा चकचकीत?" अम्मानं विचारलं. कपाळावरचा घाम पुसत, खुशीत.

मामांनी पातं उजेडाकडं धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. आम्ही पोरं भिंतीला चिकटलो.

"झाली, राधाबाई," ते म्हणाले. "आता हिच्यानं भेंडी चिरता येईल."

बायका हसल्या. अम्माही हसली. मग तिनं मामांचं तोंड बघितलं आणि तिचं हसू तिथंच राहिलं. मामा खाली बसले, तेलाची चिंधी घेतली आणि ते पातं मुठीपासून टोकापर्यंत पुसायला लागले. पुसतच राहिले. थोड्या वेळानं अम्मा त्यांच्या शेजारी बसली. तिनं दुसरी चिंधी घेतली. 

अजून ती दर शुक्रवारी देवळातून येताना तिथं जाते, काचेची कपाटं उघडते आणि तेल लावते. चिंच आमच्या घरी आता आमटीतच दिसते.

* * *

तिकिटं मात्र खपेनात. बांबूच्या धनुष्यानं गवतात मारलेला बाण बघायला कोण पैसे देणार? देशपांडेसाहेबांनी आमच्या नकळत एक हँडबिल छापून घेतलं. तमिळमध्ये, मोठ्या अक्षरांत: राजवाड्याच्या कमानीतून बाण सुटणार, वंशजांच्या हातून, तुमच्यासमोर.

मग काय. मी आणि किट्टू जॉर्ज टाउनात गेलो. तिथं हळदीचे एक मोठे व्यापारी आहेत, चेट्टियार. गादीवर बसून त्यांनी हँडबिल वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"कमान राजाचीच?"

"राजाचीच."

"बाण सुटणार?"

"मोठ्या अक्षरांत छापलंय," किट्टू म्हणाला.

"छापतात तर डोक्यावर केस उगवतात असंही," चेट्टियार म्हणाले आणि आपल्या टकलावरून हात फिरवला. तरी त्यांनी घरच्या सगळ्यांची तिकिटं घेतली. त्यांनी घेतली म्हणून शेजारच्यांनी घेतली. गल्ली संपेपर्यंत आमच्या हातात एक तिकीट उरलं नाही. येताना आम्ही बसमध्ये गाणी म्हटली.

मामांनी हँडबिल वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"साहेब," ते म्हणाले, "त्या कमानीला दोरी माझ्या आजोबांनी चढवलेली शेवटची."

"मग आता तुम्ही चढवा," देशपांडेसाहेब म्हणाले. "राव, तिकिटांचे पैसे परत करावे लागले तर कपाटं गेलीच म्हणून समजा. आणि कपाटं गेली की..."

"माहीत आहे," मामा म्हणाले.

* * *

शिंगाची कमान तुम्ही बघितली नसेल. दोरी काढली की ती उलटी वळते, खेकड्यासारखी. आत लाकूड, एका बाजूला शिंग, दुसऱ्या बाजूला जनावराच्या शिरा, सगळं सरसानं चिकटवलेलं. मामा ती भाताच्या कोरड्या तुसांत पुरून ठेवतात. हवेतली ओल लागली की सरस सुटतो, आणि मद्रासच्या हवेत ओल सोडून दुसरं आहे काय?

मामांनी शेगडीत निखारे केले. कमान लांबून शेकायची, थोडी वाकवायची, परत शेकायची. असे कितीतरी दिवस. मी पंख्यानं निखारे फुलवत बसायचो. बायकोला समजवावं तसं ते तिच्याशी बोलायचे. कमान हळूहळू उघडत होती. मला तर वाटलं, झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी गुडघा लावला आणि दाबलं. आतून आवाज आला. टक्. अगदी बारीक, बोट मोडल्यासारखा.

मामांनी गुडघा काढला. कानाजवळ कमान धरून खूप वेळ बसले.

"काय झालं मामा?" मी विचारलं.

"बोलली."

"काय बोलली?"

"नको म्हणाली."

त्यांनी ती परत तुसांत ठेवली. देशपांडेसाहेब दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलले, "आता काय करायचं हो, मामा?"

"उद्या मी उभा राहीन," मामा म्हणाले.

* * *

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत चीफ गेस्ट, एक रिटायर्ड मेजर. त्यांच्या शेजारी ट्रस्टी. मागं चेट्टियार आणि त्यांचं सगळं घर, मांडीवर नातू.

माझं काम टार्गेटपाशी होतं. तिथं मातीचा बांध आहे, त्याच्या मागं लपायचं, बाण लागला की बाहेर येऊन झेंडा दाखवायचा. मधोमध लागला तर लाल, चुकला तर पांढरा. आमच्या पोरांनी बांबूच्या धनुष्यांनी मारलं. बरेच लाल झाले, किट्टूचे सगळे पांढरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ते थांबले होते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मामा आले. मी बांधावरून डोकं काढून बघितलं: लाल पगडी, पांढरा अंगरखा, कमरेला भाता. डाव्या हातात कमान. बिनदोरीची, उलटी वळलेली.

ते तमिळमध्ये बोलले. मोठ्यानं नाही, पण बांधामागं मला ऐकू आलं. "ही आज ओढली तर मोडेल. मोडताना बघायची असेल तर सांगा. तुम्ही तिकीट काढलंय. मी ओढतो."

 ट्रस्टींनी मेजरसाहेबांकडं बघितलं, मेजरसाहेबांनी कुणाकडंच बघितलं नाही. मग चेट्टियार उठले. नातवाला खाली ठेवलं.

"बाण सुटणार असं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो," मामा म्हणाले.

त्यांनी बूट काढले. पाय रोवले. भात्यात हात घातला, रिकामा बाहेर काढला आणि कमानीला लावला. मग डावा हात सरळ करून उजवा मागं ओढला, कानापर्यंत. नव्हती ती दोरी इतकी ताणलेली होती की त्यांचं सगळं अंग मागं झुकलं होतं. म्हातारा माणूस, एवढं वजन धरून किती वेळ उभा राहणार?  चेट्टियार उभेच होते.

मामांनी बोटं सोडली.

मी बांधामागून बाहेर आलो. सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. मी लाल झेंडा वर केला.

चेट्टियार खाली बसले.

पण मामांनी कमान खाली घेतली नाही. डोळ्यांवर हात धरून त्यांनी टार्गेटकडं बघितलं आणि तिकडून ओरडले, "नीट बघ रे वेंकू. जरा डावीकडं गेलाय वाटतं."

मी मागं वळलो, टार्गेटजवळ गेलो, वाकून नीट बघितलं. आणि झेंडा परत वर केला. लालच.