चष्मे मागितले होते

कोविडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या चर्चच्या हॉलमध्ये एक म्हातारी मिशनरी बाई आफ्रिकेत, मलावीला जाणारी खोकी भरायची. सीमा बंद झाल्याने ती इथे अडकली होती. एरवी मलावीतल्या शेतकरी बायकांना ती बियाण्याच्या पाकिटांवरून वाचायला शिकवायची.

मी मुलीची जुनी कोचिंगची पुस्तकं दानशूर चेहऱ्याने नेली. मास्कमुळे तो चेहरा वायाच गेला.

"मेट, त्यांनी चष्मे मागितलेत!" ती कडाडली. "बियाण्याला विषारी औषध लावलेलं असतं. पाकिटावरचं 'खाऊ नका' त्यांना दिसतच नाही. आणि तुम्ही सगळे घरची अडगळ आणून टाकता!"

मी डोक्यावरचा चष्मा काढून दिला. तिने तो लावून टेबलावरचं बियाण्याचं पाकीट वाचून पाहिलं.

"चालेल," ती तशाच रागात म्हणाली. "वर्गात बायका चौदा आहेत."