पिराचा मानकरी

जगदेवप्पा तसा गरीब स्वभावाचा. बैलाला पराणी टोचली तरी ह्याचाच जीव कळवळायचा. मादन हिप्परग्याच्या अलीकडच्या त्या गावात त्याच्या घराण्याकडे एक मान होता, मोहरमात पिराचा पंजा उचलायचा. गळ्यात लिंग, कपाळी विभूती आणि हातात पीर, ह्यात काही चुकतंय असं त्या गावात कुणाला कधी वाटलं नाही.

पंजा पितळी, काठीवर बसवलेला. वर्षभर तो मुजावर मौलासाबच्या घरी, पेटीत असे. मोहरमात तो उचलायच्या आधी जगदेवप्पा मौलासाबपुढे वाकायचा आणि ठरलेले शब्द बोलायचा, "वरीसभरात चुकलं असंल ते माफ करा, काका." मौलासाब त्याच्या कपाळाला उदी लावून म्हणायचा, "माफ." मग पीर उठायचा. दोघांचंही निम्मं लक्ष ढोलाकडे असायचं. वर्षभरात चुकणार तरी काय? फार तर ह्याचा बैल त्याच्या वावरात शिरलेला.

पुढे रझाकारांचे दिवस आले. आळंदच्या बाजारात त्यांनी जगदेवप्पाच्या बापाचं पागोटं उडवलं, डोकं फोडलं. ती जखम धुऊन हळद भरली ती मौलासाबनंच. पण गावात एक शब्द घरोघर फिरू लागला होता, 'तुरक'. शब्द जुनाच, पण शेजाऱ्याला तो कुणी लावत नसे. आता विहिरीवर बायका तो हळूच बोलायच्या आणि मौलासाबची बायको घागर घेऊन आली की एकदम गप्प व्हायच्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावरची खपली सगळ्यांना दिसे. हळद कुणाची, हे हळूहळू सगळे विसरले. जगदेवप्पासुद्धा.

फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि चार दिवसांत शेजारच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली. म्हणाली, "समदीकडं हिशेब चुकते व्हायलेत. तुमी गप कामून बसलाव?" ह्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून गाव उठलं. जगदेवप्पाही उठला. कुणीतरी त्याच्या हातात कडब्याची पेटती पेंढी दिली आणि त्यानं ती मौलासाबच्या छपरावर भिरकावली. घर रिकामं होतं, नवराबायको पहाटेच निघून गेली होती. छपरानं पेट घेतला, लोक ओरडले, आणि जगदेवप्पाला बरं वाटलं. बरं वाटलं! ह्याचाच त्याला पुढे काही केल्या उलगडा होईना.

मोहरम जवळ आला तसा पंचांना घाम फुटला. पीर कुठाय? घर जाळताना ह्या शहाण्यांना पिराची आठवण झाली नव्हती. आता मात्र जो तो म्हणे, "तुरकानं आपला पीर पळवला." पीर आपला आणि त्याला सांभाळणारा परका! शेवटी मौलासाब गुलबर्ग्याला असल्याचं कानावर आलं आणि पीर आणायला मानकरी म्हणून जगदेवप्पालाच तिकडे धाडलं.

स्टेशनाजवळच्या एका डाळीच्या गिरणीत मौलासाब सापडला. डाळ चाळत होता. जगदेवप्पाला पाहताच चाळणी टाकून त्यानं त्याला मिठीच मारली.

"पीर?" जगदेवप्पानं विचारताच मौलासाब हसला. "तुज्याच घरात हाय की रे! निघालो त्या पहाटे तुज्या अव्वाच्या हातात दिलो. म्हनलो, गावात काय बी होऊ दे, जगदेवाच्या घरी पीर सुखरूप ऱ्हाईल."

जगदेवप्पानं खाली पडलेली चाळणी उचलून बाजूला ठेवली.

"माजं घर जळलं म्हनत्यात," मौलासाब म्हणाला. "कोन जाळलं रे?"

"भायेरची मानसं हुती, काका."

"तेच म्हनलो मी बायकोला. आपल्या गावचे न्हाईत करनार." त्यानं कनवटीची उदीची पुडी सोडली. "औंदा मी येत न्हाई, बाबा. छाती व्हईना. तू हितंच घे उदी. म्हन, न्हेमीचं म्हन."

जगदेवप्पा वाकला. लहानपणापासून पाठ असलेले शब्द, पण त्या दिवशी जीभ वळता वळेना. कसेबसे बाहेर पडले.

"माफ," मौलासाब म्हणाला आणि त्यानं अंगठ्यानं उदी लावली.

जगदेवप्पा घरी आला. अव्वानं, म्हणजे आई मल्लव्वानं, त्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि तुरीच्या कणगीतून कापडात गुंडाळलेला पंजा बाहेर काढला. ह्यानं हात पुढे केला नाही.

"मला तवाच कामून न्हाई सांगितलीस?"

"तुज्या हाताला धुराचा वास यायलता."

तो खाली बसला. म्हणाला, "काकानं माफ केलं, अव्वा."

"कशाचं केलं, ते त्येला ठाव हाय?"

मल्लव्वानं पंजा पुन्हा तुरीत खोचला आणि कणगीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जगदेवप्पा पंचांना म्हणाला, "पीर गावात हाय. माज्यानं उचलायचा न्हाई." त्यांनी आरडाओरडा केला, तो तसाच उठून गुलबर्ग्याच्या मोटारीत जाऊन बसला. खरं सांगायचं, एवढं ठरलं होतं. पण सांगितल्यावर मौलासाब विचारणार, कामून रे जगदेवा? बापाला मारलं म्हणून? पण बापाच्या डोक्यात हळद कुणी भरली? सगळे करत होते म्हणून? पण त्याला ढकलत कुणी नेलं नव्हतं. भीतीनं? रागानं? वाटभर तो एकेक कारण घेऊन पाहत होता, आणि प्रत्येक कारण मौलासाबच्या तोंडापुढे नेलं की खोटं पडत होतं.

मोटार स्टेशनाजवळ थांबली. माणसं उतरली. उत्तर अजून सापडलं नव्हतं. तसाच तोही उतरला आणि गिरणीकडे चालू लागला.