पूर्ण आकडा

आशालताबाईंच्या तोंडून खरा आकडा कधी निघायचाच नाही. लाडू पन्नास वळले तर त्या चाळीस सांगत. निनादला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले, तेव्हा पेढे वाटताना त्यांनी सत्तर सांगितले आणि शेजारणीने "असू दे हो, बारावीला काढेल" म्हणून त्यांचंच सांत्वन केलं. पुढे त्याचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाची उंची दोन इंच कमी सांगितली. अशी वरमाय अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. चारुताच्या वडिलांनी जावई प्रत्यक्ष पाहिला म्हणून बरं, नाहीतर स्थळ हातचं जायचं.

कुणी कारण विचारलं की त्या एवढंच म्हणत, "नजर लागते. आपला आकडा आपल्यापाशी असावा." घरात सगळे हसत. निनाद तर म्हणायचा, "आईचं वय विचारू नका, ती माझ्याहून लहान निघेल."

अशा बाईंच्या घरात सून आली ती वजनं उचलणारी, आणि वजनं उचलणं म्हणजे सगळा आकड्यांचाच मामला.

चारुता कॉलेजात खो-खो खेळायची. लग्नानंतर पाचेक वर्षं ती स्वयंपाकघरात आणि शिकवण्यांत गुरफटून गेली. मग कन्याशाळेच्या पी.टी.च्या कुमुदबाईंनी तिला पॉवरलिफ्टिंगचं वेड लावलं. पनवेलमध्ये व्यायामशाळा नव्हत्या असं नाही, पण तिथे खिडकीत लंगोट वाळत असायचे. सुनेने जायचं कसं? तेव्हा आशालताबाईच म्हणाल्या, "मागची पडवी रिकामी आहे. गोवऱ्या नि मोडकी सायकल काढली की झालं."

मुंबईहून बार, म्हणजे प्लेटा अडकवायचा दांडा, आला, चांगला वीस किलोचा. लोखंडी प्लेटा मात्र निनादने तळोज्याला ओळखीच्या एका ओताऱ्याकडून ओतून घेतल्या. त्यांवर आकडे नव्हते. हातगाडी दारात आली तेव्हा निनाद पहिल्या पाळीला गेला होता आणि चारुता शिकवणीला. बाईंनी गाडी तशीच समोरच्या लाकडाच्या वखारीत नेली, एकेक प्लेट मोठ्या काट्यावर चढवायला लावली, आणि दुपारी पडवीत बसून तैलरंगाने स्वतःच्या हाताने आकडे काढले.

वखारवाला ओरडून सांगत होता वीस, बाई लिहीत होत्या अठरा. तो म्हणे दहा, बाई नऊ. पाचाचे त्यांनी साडेचार केले. आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोरीला बळ येणार, ते चारचौघांत दिसणार. थोडं झाकून ठेवलेलं बरं.

संध्याकाळी निनाद भडकला. "चोर लेकाचा! वीसची सांगितली, अठराची दिलीन!"

"जाऊ दे रे," बाई घाईने म्हणाल्या. "ओतकामात कमी-जास्त व्हायचंच." त्या ओताऱ्याला फुकटच्या शिव्या बसल्या याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. पुढे तो एकदा घरी आला तेव्हा त्यांनी त्याला जेवूनच पाठवलं.

चारुताचा सराव रोज दुपारी चाले. बार खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर उताणं पडून छातीवरून वर ढकलायचा, तो बेंचप्रेस. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट. आशालताबाई उंबऱ्यावर भाजी निवडत बसत. सून बार घेऊन खाली गेली की यांचाही श्वास अडके, ती उठली की सुटे. सराव झाला की चारुता भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिही. चौदा तारखेच्या चौकोनात 'दूध खाडा', त्याखाली 'स्क्वॉट ५६'. सिलिंडर लागला त्या दिवशी पासष्ट झाला. ऑक्टोबर उजाडेस्तोवर चौऱ्याहत्तर. सकाळी सगळे उठायच्या आत चहाचा कप घेऊन बाई त्या चौकोनांवरून बोट फिरवत आणि मनातल्या मनात खरा हिशेब करत. खरा आकडा जगात एकट्या त्यांना ठाऊक होता, आणि त्या तो फार प्रेमाने सांभाळत होत्या.

कुमुदबाई रविवारी शिकवायला येत. त्यांना दोनदा शंका आली. "या प्लेटा हाताला जड वाटतात हो."

"चहा घेणार ना?" आशालताबाई विचारत.

जानेवारीत कुमुदबाई एक फॉर्म घेऊन आल्या. फेब्रुवारीत अलिबागला जिल्ह्याची निवड होती. राज्य स्पर्धेच्या संघात जायला चारुताच्या वजनगटात तिन्ही उचली मिळून दोनशे पंधरा किलो हवे होते, आणि सरावात तेवढे झालेले नसतील तर अर्जच करू नये असं खाली छापलं होतं.

चारुताने कॅलेंडर उतरवलं. चौऱ्याहत्तर, अडतीस, ब्याण्णव. बेरीज दोनशे चार.

"अकरा किलोंचं काय एवढं," कुमुदबाई म्हणाल्या. "लिही दोनशे पंधरा. तिथे जोर येतो."

"खोटा आकडा लिहून मी जाणार नाही. तीन महिने झाले, काटा हललेला नाही. उगाच मनाची समजूत कशाला घालायची? आकडे खोटं बोलत नाहीत." ती हसली. "तीस वर्षांची झाले. पुरे झालं हे खूळ."

तिने कॅलेंडरची गुंडाळी करून कपाटावर टाकली. निनादने आडून विचारलं, प्लेटा भंगारात द्यायच्या का. ती म्हणाली, द्या.

बाईंच्या हातातलं विळीवरचं वांगं तसंच राहिलं. आपण नजरेपासून जे झाकलं, ते त्या पोरीपासूनच झाकलं गेलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. कळलं, आणि तरी दुसऱ्या दुपारपर्यंत तोंड उघडेना. शेवटी भंगारवाल्याची आरोळी कोपऱ्यावर ऐकू आली तशा त्या उठल्या.

"चारू, ती मोठी प्लेट उचल. वखारीत जाऊ."

"कशाला, आई?"

"चल म्हणते ना."

चारुताने प्लेट कमरेवर घेतली, लेकरू घ्यावं तशी, आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. वखारवाल्याने काट्यावरचं वजन सरकवलं. "वीस. बरोब्बर वीस. ह्या तर गेल्या वर्षी मीच मोजून दिल्या होत्या, वहिनी. आईंनी लिहून घेतलं होतं की."

चारुताने प्लेटेवरच्या अठराकडे पाहिलं, मग सासूकडे. प्लेट उचलून ती झपाझप घरी गेली. बाई मागून पोचल्या तेव्हा ती पडवीत जमिनीवर बसली होती.

"तीन महिने मी स्वतःला नालायक समजत होते," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून बघत होतात. का, आई?"

आशालताबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या.

"निनादच्या आधी मला एक मुलगा होता," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट घरात फक्त त्यांच्या यजमानांना, गुरुदत्तरावांना ठाऊक होती, आणि त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. कुणी मुलं किती विचारलं तर बाई 'एकच' म्हणत. निनादलाही आपल्याला थोरला भाऊ होता याचा पत्ता नव्हता.

"अकरा महिन्यांचा होता. दवाखान्यात काट्यावर ठेवला तर चोवीस पौंड भरला. नर्स म्हणाली, असं बाळ अख्ख्या पनवेलीत नाही. मी येडी, घरी येईपर्यंत दारोदार सांगत सुटले. चोवीस पौंड, चोवीस पौंड. पंधरा दिवसांत हगवण लागली. तीन दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले, विहिरीचं पाणी. पण तेराव्याला आलेली एक म्हातारी म्हणाली, आकडा कशाला सांगितलास गं बाई? तेव्हापासून..." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुझं बळ बघून मला तसाच आनंद व्हायचा. म्हणून भीती वाटली. माझं चुकलं, चारू."

चारुताचा राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाव काय होतं त्याचं?"

तेहेतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"वेणू," आशालताबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही.

त्या दुपारी दोघींनी कॅलेंडर उलगडून खरी बेरीज मांडली. ऐंशी, चाळीस, शंभर. दोनशे वीस. फॉर्म गेला. प्लेटांवरचे आकडे चारुताने सासूलाच पुसून नव्याने काढायला लावले. बाईंनी काढले, आणि चोरून प्रत्येक प्लेटेच्या कडेला काळ्या रंगाची एकेक तीट लावली. चारुताने ती पाहिली आणि तेवढी सूट दिली.

अलिबागला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. कुमुदबाईंना पंचांच्या खुर्चीत बसवलेलं, त्यामुळे चारुतासोबत आशालताबाईच. प्रत्येक प्रकाराला तीन संधी, प्रत्येक उचलीनंतर मिनिटभरात टेबलाशी जाऊन पुढचं वजन सांगायचं, आणि एकदा सांगितलं की बदल नाही, असा नियम होता. सकाळभर चारुता स्वतःच जाऊन सांगत होती. पण परका हॉल, परकी माणसं. स्क्वॉटला ऐंशी उठले नाहीत, साडेसत्त्याहत्तरवर थांबावं लागलं. बेंचप्रेसला चाळीस अडकले, साडेसदतीसच पदरात पडले. एकशे पंधरा झाले. आता डेडलिफ्टचे पूर्ण शंभर हवेत, किलोभरही कमी चालणार नाही.

पहिले नव्वद तिने सहज उचलले आणि खाली ठेवताना पोटरीत गोळा आला. ती जमिनीवर बसून पाय चोळू लागली. "आई, तुम्ही जा. शंभर सांगा."

आशालताबाई टेबलापाशी गेल्या. पेन्सिल घेतलेला माणूस म्हणाला, "बोला, आजी."

बाईंनी तोंड उघडलं. "साडेसत्त्याण्णव," त्या म्हणाल्या.

लाउडस्पीकरवर आकडा पुकारला गेला तेव्हाच त्यांना कळलं आपण काय केलं ते. चारुताने मान वर करून पाहिलं. मग ती उठली, गेली, साडेसत्त्याण्णव उचलून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे साडेबारा. अडीच किलो कमी, आणि उचल एकच उरलेली.

आशालताबाई भिंतीला टेकल्या होत्या. चारुता लंगडत त्यांच्याकडे आली आणि खडूने पांढऱ्या झालेल्या हातांत तिने त्यांचा हात धरला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून वेणूला काही झालं नाही, आई. पाण्यानं झालं."

"मला कळतं गं. तोंडाला कळत नाही."

"मग मोठ्यानं सांगा. तोंडाला ऐकू जाऊ दे."

मिनिट संपत आलं होतं. आशालताबाई टेबलाकडे चालल्या. मध्ये एकदा त्यांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. कुठलीशी देवी त्यांच्या ओठांवर आली होती, तिला त्यांनी बाजूला सारलं.

"शंभर," त्या म्हणाल्या. आणि मग एवढ्या मोठ्याने की खुर्चीतल्या कुमुदबाई दचकल्या, "पूर्ण शंभर!"

"ऐकलं हो, आजी," तो माणूस हसत म्हणाला.

चारुता बारवर वाकली. बार हलला, गुडघ्यांपाशी आला आणि तिथे थांबला. आशालताबाईंनी डोळे मिटले नाहीत. आज त्या बघत राहिल्या. चारुताचा चेहरा लाल झाला, पाठ थरथरली, आणि इंच इंच करत ती ताठ उभी राहिली. तिन्ही पंचांचे पांढरे झेंडे वर गेले.

परतीच्या एस.टी.त चारुता सासूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. वाटेत एक कोळीण सुक्या मासळीची पाटी घेऊन चढली आणि समोरच्या बाकावर बसली. करंजा गावची होती; बोलकी. झोपलेल्या चारुताकडे पाहत तिने विचारलं, "लेक काय गो तुजी?"

"सून."

"गुनाची दिसते. नि तुला पोरा किती हायत?"

आशालताबाईंनी चारुताच्या तळहातावरचे घट्टे अंगठ्याने हलकेच चोळले.

"दोन," त्या म्हणाल्या. "थोरला वेणू. अकरा महिन्यांचा असताना चोवीस पौंडांचा होता."