महिना कोणता?

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये, त्यानेच लिहिलेल्या प्रोग्रामसमोर बसलो होतो. रडू नाही आलं, राग आला. त्याचं हृदयाचं ऑपरेशन जूनमध्ये होतं, आणि मे अर्धाही सरला नव्हता... तेरवी झाल्यावर नागपूरच्या हॉस्पिटलात जाऊन विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, "सहा मे होती तारीख. पेशंट आलाच नाही." मेसेजमध्ये होतं ०५/०६. आपण सगळे वाचतो तसं प्रमोदने वाचलं, पाच जून. त्यांची सिस्टीम मात्र महिना आधी छापते. "सिस्टीमच तशी आहे, सर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

आम्ही दोघं मिलांसाठी धानाच्या आवकेचे प्रोग्राम लिहायचो. प्रोग्रामिंगमध्ये तारखेचा तयार क्लास मिळतो, म्हणजे तारीख कशी ठेवायची आणि दाखवायची याचा साचा. प्रमोदला तो पुरेना. त्याने त्यावरून 'तारीख' नावाचा आपला क्लास काढला. दिवस मोजणं बापाकडून, म्हणजे त्या मूळ क्लासकडून घेतलं, बोलणं मात्र स्वतःचं ठेवलं. महिना कायम अक्षरात छापायचा. कुणी नुसते आकडे टाकले तर घ्यायचेच नाहीत, उलट विचारायचं. मी वैतागायचो. "कायले डोक्याले ताप करून राहिला बे? तयार आहे ते वापर ना."

"दिघोरीहून धान आणणाऱ्या काकाले पावतीवरचं पाच-सहा काय समजन? सिस्टीम आभाळातून नाही पडत. कोणीतरी लिहिते."

राग त्याच्यावरही आहे, का लपवू? आयुष्यभर आकड्यांवर संशय घेतला आणि नेमका हॉस्पिटलपुढे गरीब गाय झाला. वहिनी म्हणाल्या होत्या, एकदा फोन करून विचारून घ्या. तर म्हणे, "एवढं मोठं हॉस्पिटल, तारखेत चुकन का?" त्याच्या क्लासने विचारलं असतं. त्याने नाही विचारलं... आणि मेसेज पाठवणाऱ्यांना चार अक्षरं जड झाली!

परवा मिलमध्ये उन्हाळी धानाची आवक सुरू होती. नव्या मुनीमजींनी तारीख टाकली, ५/६. स्क्रीन अडली. खाली प्रमोदची ओळ उमटली: महिना कोणता?

"हे काहून अडून राहिलं जी? काढून टाकता येते का?"

"हात नका लावू त्याले!" मी ओरडलोच. ते दचकले, मुकाट्याने 'जून' लिहिलं. पावती निघाली: ५ जून. त्या सकाळी प्रमोद बॅग भरून ऑपरेशनला निघणार होता.