दोन बोटं अलीकडे

लग्नानंतर माझे सासरे पहिल्यांदाच चेन्नईला आले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गाडीची क्लचप्लेट गेली. ते एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. नुकतेच निवृत्त झालेले, हात नुसते शिवशिवत होते. गॅरेजला फोन करायला मी मोबाइल काढला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्याने खिशात घातला.

"जावईबापू, मोटारीच्या कंपनीत आहात ना तुम्ही? मग?"

होतो, नाही कशाला म्हणू? पण मी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची चित्रं काढायचो. गाडीखाली जायची वेळ कधी आली नव्हती. ती भानगड सासऱ्यांना कळू नये म्हणून लग्न ठरल्यापासून मी 'डिझाइन' हा शब्द फार जपून वापरत आलो होतो.

रविवारी सकाळी पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीखाली, पार्किंगच्या खांबांमध्ये गाडी जॅकवर चढली. सासऱ्यांनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली, परत चढवला. मी पाने देत होतो आणि घामाने निथळत होतो. वॉचमनने दोनदा "मेकॅनिक, सार?" असं विचारून पाहिलं आणि शेवटी खुर्ची ओढून बघत बसला.

राहिलं होतं ते क्लचच्या तेलातली हवा काढणं. वर बायकोने पेडल दाबून धरायचं, खाली सासऱ्यांनी क्लचच्या सिलिंडरवरचा स्क्रू सैल करायचा, नळीतून बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की स्क्रू आवळायचा, आणि मगच तिने पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा पुन्हा आत.

सासऱ्यांचा पाना स्क्रूवर बसेना. तिरका घालावा तर कोपर पत्र्याला घासत होतं.

"कुठल्या गाढवानं हा स्क्रू इथं ठेवलाय!"

मी शेजारी उताणा पडून टॉर्च धरला होता. स्क्रू नीट पाहिला आणि ओळखला. गाडी आमच्याच कंपनीची होती. तो सिलिंडर, तो स्क्रू, नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच कॉम्प्युटरवर काढला होता. त्या चित्राची प्रत साखरपुड्यानंतर मी हिला मोठ्या ऐटीत दाखवलीसुद्धा होती.

ही ते विसरली नव्हती. वर फिसकन हसण्याचा आवाज आला, पेडल सुटलं, आणि नळीतला बुडबुडा उलटा आत गेला.

"पाय का काढलास गं?"

"चुकून, बाबा."

पुन्हा दाबलं. पुन्हा कोपर घासलं.

"अशा माणसाला पोरगी कुणी दिली असंल!" सासरे कळवळून म्हणाले.

या वेळी गाडीच हलली. ही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. पुढच्या दोन खेपांनाही तेच. सासरे शिवी घालायचे, ही हसायची, हवा परत आत जायची. वरून ओतायचं बाटलीतलं तेल तळाला गेलं. आता मी तोंड उघडल्याशिवाय क्लच दुरुस्त होणार नव्हता, आणि उघडलं तर माझी अब्रू जाणार होती.

"मामा," मी गाडीच्या पोटाकडे बघत म्हणालो, "ते गाढव मी आहे."

वरचं हसणं थांबलं, सासऱ्यांनी पाना खाली घेतला.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो."

"काढताना गाडीखाली झोपला होता कधी?"

"आज पहिल्यांदाच झोपलोय."

त्यांनी पाना पुन्हा लावला. "दाब गं," एवढंच म्हणाले. हिने दाबलं आणि धरून ठेवलं. थोडे बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल आलं. पेडल घट्ट झालं.

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. मला खरंच लाज वाटत होती. त्यांच्या कोपराचं सालपट निघालं होतं. ते फडक्याने हात पुसत राहिले, पुसत राहिले.

"तीस वर्षं गाडीखाली पडून मी तुम्हा लोकांना शिव्या घातल्या," ते म्हणाले. "ऐकायला आज पहिल्यांदा कुणीतरी होतं."

मग त्यांनी दोन बोटं स्क्रूच्या दिशेने धरली. "एवढा अलीकडे घ्या. आणि वही आणा. अजून बरंच आहे."

मी वही आणायला वर गेलो. येताना दोन पेनं घेतली.