फिलाडेल्फियात पाहिलेलं इंग्लंडचं कॅथीड्रल

इंग्लंडला जायचं म्हणजे व्हिसा, रजा, विमान. त्यापेक्षा फिलाडेल्फिया बरं. आम्ही राहतो त्या आयसेलिनहून टर्नपाइकच्या हायवेने दीड तास. २००६च्या मार्चमध्ये तिथल्या एका लायब्ररीत जुन्या इंग्लिश कॅथीड्रलच्या दुरुस्तीचे फोटो लागले होते. बायको, मेघना, पुण्यात आर्किटेक्ट होती. इथे डिपेंडंट व्हिसावर घरी बसून कंटाळलेली. तिच्यासाठी शनिवारी निघालो.

माझ्या डोक्यात मात्र गावचं महादेवाचं देऊळ होतं. त्याचा जीर्णोद्धार निघाला होता, म्हणजे जुनं दगडी पाडून नवं संगमरवरी. पूजेचा मान आमच्या घराण्याकडे, त्यामुळे काकांना माझा होकार हवा होता. मी हो म्हणणारच होतो. देऊळ गळत होतं, आणि सातासमुद्रापलीकडे बसून नाही म्हणणारा मी कोण?

जाणाऱ्यांसाठी: पार्किंग बारा डॉलर, प्रदर्शन फुकट. डबा आत नेऊ देत नाहीत. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवली.

हॉल लहान, फोटो शंभरेक वर्षांपूर्वीचे. भेगाळलेल्या मनोऱ्याला लाकडी टेकू, उतरवलेल्या दगडांवर खडूने घातलेले नंबर. दहा फोटोंनंतर मला सगळे मनोरे सारखेच दिसायला लागले. मेघना हलायला तयार नव्हती.

"हे बघ, आधीचा आणि नंतरचा. या संताचं नाक नवीन बसवलंय. ओव्हर-रिस्टोअर केलंय यार."

"चांगलं दिसतंय की."

"दिसतंय रे. पण खालची कोरीव पट्टी गेली ना. आता ती फक्त या फोटोत आहे." मग म्हणाली, "तुमच्या देवळाचे काढलेत का कुणी?"

"काढले असतील," मी म्हणालो.

परतताना टर्नपाइकवर ट्रॅफिक लागला. घरी पोचलो तेव्हा तिकडे रविवारची सकाळ झाली होती. कॉलिंग कार्डावरून काकांना फोन लावला.

"काका, माझा होकार आहे. फक्त पाडायच्या आधी सगळीकडून फोटो काढून घ्या."

"अरे, शिखर गुरुवारीच उतरवलं. मुहूर्त होता. तू नाही म्हणायचा नाहीस, ठाऊक होतं. नव्याचे पाठवतो की फोटो, चांगले रंगीत."

मी बरं म्हणालो. वाईट वाटलं, आणि आपल्याला इतकं वाटेल याची कल्पना नव्हती.

मुंज असो, लग्न असो, कार्य झालं की देवळापुढे फोटो काढायचा हा आमच्या घरचा नेम. मेघनाने सगळे अल्बम काढले, फोटो जमिनीवर मांडले आणि माणसांच्या मागून देऊळ जुळवायला बसली. आजोबांच्या टोपीमागे एक खांब सापडला. आत्याच्या पदराआड नंदीचा कान, मुंजीच्या फोटोत अर्धी दीपमाळ. शिखर एकाही फोटोत नव्हतं. फोटो काढणाऱ्याने दर वेळी आम्ही सगळे मावतोय ना, एवढंच बघितलं होतं.