एक फाइल सोडून

"बसा की हो जरा, झालंच," असं म्हणून बाई शेजारची खुर्ची पुढे ओढायच्या आणि माझी भोकरदनची बस गेलीच म्हणून समजायचं.

जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. बाई तिथल्या उगवण तपासणीच्या प्रमुख. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, किती उगवलं ते मोजायचं आणि आकडे थेट कॉम्प्युटरवर चढवायचे, हे त्यांचं काम. संध्याकाळी मला सगळ्याचा बॅकअप घ्यायचा असे. त्यासाठी सगळ्यांनी प्रोग्रॅममधून बाहेर पडायला हवं, कारण उघडी फाइल टेपवर उतरत नसे. सगळे पडायचे. बाई सोडून. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेलच, ज्याच्यापायी बाकीच्यांना चपला घालून ताटकळावं लागतं.

"मॅडम, बंद करा ना."

"नोंदी करून राह्यले न भाऊ. तुम्ही बाकीच्यांचं घ्या की तवर."

रोज पडद्यावर यायचं, एक फाइल वगळली. एकदा बाईंना बोलावून ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, "एकच ना?" म्हणाल्या आणि चहा सांगितला. मी कपाळावर हात मारला. बरं, आकडे कागदावर तरी ठेवाल? तेही नाही. कॉम्प्युटर आल्यापासून चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

मग व्हायचं तेच झालं. ऐन मे महिन्यात, पेरणीचा माल निघायच्या तोंडावर सर्व्हरची डिस्क गेली. मी नवी डिस्क बसवली, टेप लावली. सेटिंग, पासवर्ड, प्रिंटर, गोदाम, सगळं जसंच्या तसं परत आलं. बाईंची उगवण तेवढी आली नाही.

मालक माझ्या टेबलाशी आले. "मागच्या सालच्या छापील यादीतले आकडे टाका, थोडे इकडंतिकडं करून. ट्रक उभे हायेत."

मला वाटलं, आता तरी बाई ओशाळतील. कसलं काय. त्यांनी गोदामातल्या कपाटातून प्रत्येक लॉटच्या नमुन्याच्या कापडी पिशव्या काढून टेबलावर मांडल्या.

"परत उगवून बघू," त्या म्हणाल्या. "बी उगवल्याबिगर आकडा टाकणार न्हाई. तवर ट्रक बी हलायचा न्हाई."

मालकांचा आवाज चढला. बाई कागद भिजवत राहिल्या. मला दोघांचाही राग आला होता. तरी गुंडाळ्या करायला त्यांनी मलाही बसवलंच.

आठवडाभराने बहुतेक लॉट पास झाले. कपाशीचा एक मात्र निम्मासुद्धा उगवला नाही. हिवाळ्यातल्या तपासणीत तो चांगला उगवला होता, हे बाईंना पक्कं आठवत होतं. गोदामाच्या पत्र्याखाली भाजला असणार. म्हणजे माझा बॅकअप बिनचूक असता, तर तो जुना आकडा परत आला असता आणि ते बी कुंभार पिंपळगावापर्यंत कुणाकुणाच्या रानात पडलं असतं. हे मला आजही पचत नाही. बाईंनी लॉट थांबवला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फाइल उघडी ठेवली.

पुढे त्या निवृत्त झाल्या. सुटलो एकदाचा असं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायला लागलो.

त्यानंतरच्या मे महिन्यात मालकांनी हिवाळ्यातले आकडे सर्व्हरवरून छापून घेतले. सगळे होते. ट्रक वेळेवर गेले. नमुन्याच्या पिशव्या कपाटात तशाच होत्या. त्या कुणी उघडल्या नाहीत.